पाण्यातली सवत

"अगं, आली का वर?" न्हाणीघरातून हाक आली. अंगाला साबण, पण जीव माझ्या हातातल्या फोनमध्ये.

"आली हो तुमची बाईसाहेब! आज तर सारखी वर येतेय."

बाईसाहेब म्हणजे शार्क मासा. आमचे हे, माशांचा अभ्यास करणाऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते. शार्कला बोटीशेजारी धरून ठेवायचं आणि तिच्या पाठीवरच्या परावर यंत्र बसवायचं, हे यांचं काम. पर पाण्याबाहेर आला की यंत्र निरोप धाडतं आणि फोनमधल्या नकाशावर ठिपका उमटतो. गुडघे गेले, नोकरी सुटली, ठिपका मात्र घरात आला.

मी भावाकडे महिनाभर राहून आले, तेव्हा "पोचलीस का" म्हणून एक फोन नाही. हिने अख्खा समुद्र ओलांडला, तर ती कुठे वळली, कुठे रेंगाळली, सगळं तोंडपाठ. चार दिवस दिसली नाही की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. खरीखुरी सवत असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. "मरत का नाही मेली एकदाची," असं शिवणाच्या मशीनवर बसून मी कितीदा पुटपुटले असेन.

हे टॉवेल गुंडाळून ओलेच बाहेर आले. "या दिवसांत पिल्लं घालायला किनाऱ्याकडे येते ती. खुशीत दिसतेय!" चेहरा नुसता फुलला होता. माझ्यासाठी तो असा फुललेला मला आठवत नाही.

खोडी काढायची म्हणून मी नकाशा मोठा केला. "अहो, बाईसाहेब बाजाराला निघाल्यात की! हा बघा रस्ता."

हे हसले नाहीत. फोन घेतला आणि ठिपका पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला.

"पाण्याबाहेर काढलीय तिला. म्हणून सारखे निरोप येतायत. कुणाच्या तरी जाळ्यात सापडली. गाडीत घालून नेतायत."

आणि हा माणूस हमसून हमसून रडायला लागला. स्वतःची आई गेली तेव्हाही डोळे कोरडे ठेवणारा माणूस! मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अंगाची आग झाली ती जास्त.

"मी मेले असते तर असे रडला असतात?"

त्यांनी मान वर केली. ना चेष्टा, ना राग. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "तू कुठे जाणार आहेस?"

नजर पुन्हा फोनवर गेली. पाठ अजून ओलीच होती. मी दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढला आणि पुसत राहिले.