युनूस म्हणून बसलेला मुलगा

मी कॅमेरा बोलतोय. अंतर मोजायला नको, उजेडाचा अंदाज नको, बटण दाबलं की झालं, अशा जातीचा. खोलीत अंधार असला तर माझा फ्लॅश माझ्या अंगातच आहे. इतकं सगळं मी आपलं आपण करतो म्हणूनच लोकांना माझा संशय येतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. आखाती देशातून परतलेल्या एका माणसाच्या बॅगेतून, कपड्यांत गुंडाळलेला, मी पिंपरीला आलो आणि बरकतच्या दुकानात घड्याळं-ट्रान्झिस्टरांच्या शेजारी बसलो. साल एक्क्याऐंशी. तिथं मला रहिमान भेटला.

रहिमान कंपनीत टर्नर. पिंपळे गुरवात आई, बायको आणि धाकटी बहीण असं घर. बहिणीला, नजमुन्निसाला, स्थळ आलं होतं. त्या लोकांनी आधी फोटो मागितला. पण त्याची आई रहिमाबी मुलीला स्टुडिओत पाठवायला तयार नव्हती. फोटोवाला एक कॉपी स्वतःजवळ ठेवील आणि काचेच्या कपाटात लावील, अशी तिला धास्ती. म्हणून घरचाच कॅमेरा घ्यायचा ठरलं.

बरकतनं दोन कॅमेरे पुढं ठेवले. एक मोठा, भिंगाभोवती आकडे असलेला, आणि दुसरा मी. रहिमानला मोठा आवडला. मला त्यानं उलटसुलट करून पाहिलं, कानाशी धरून हलवलंसुद्धा. ज्यात माणसाला काही जुळवायलाच नाही, ते आत काय करतं कोणाला माहीत, असं तो म्हणाला. बरकतनं माझी खूप तारीफ केली, त्यामुळं तर त्याचा संशय आणखी वाढला.

मग त्याची बायको कनीज बोलली. "तुम्ही शिफ्टला असता. फोटो काढायचे घरात, आणि काढणार मी. मला जमेल तो घ्या."

रहिमाननं पैसे मोजले. मी त्यांच्या घरी आलो.

रहिमाबी माझ्यावर फडकं टाकून ठेवायची. नजमुनचा फोटो मात्र छान आला. खिडकीपाशी, फुलाफुलांची ओढणी घेतलेली. तो पाकिटातून गेला आणि महिन्याभरात पाहुणे आले. मामा म्हणवणारे एक गृहस्थ, आणखी एक बुजुर्ग आणि नवरा मुलगा, युनूस.

नजमुन पडद्याआड उभी होती. मी तिथल्याच फळीवर होतो. पाहुण्यांचा चहा होत आला तशी तिनं कनीजचा हात धरला. "भाभी, मुलगा तीस वर्षांचा सांगितलाय ना? याला तर मिसरूड आत्ता फुटलंय. आणि मामांनी 'युनूस' म्हटलं की हा बघतच नाही. दोनदा हाक मारल्यावर बघतो."

कनीज म्हणाली, लाजत असेल.

"लाजणारा माणूस मान खाली घालतो, भाभी. हा नाव विसरतोय."

कनीजनं क्षणभर विचार केला. मग मला उचललं, माझा फ्लॅश वर केला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर गेली. नवा कॅमेरा आहे, आठवण म्हणून एक काढते, असं ती हसत म्हणाली. मामांनी नको नको म्हणत हात वर केला, पण तोवर माझा उजेड पडून गेला होता. मामांचा पंजा, बुजुर्गांची बशी आणि मधोमध थेट माझ्याकडे बघणारा तो मुलगा, सगळं माझ्या पोटात जमा झालं.

पाहुणे गेल्यावर रहिमाबी दोघींवर फार रागावली. चांगल्या स्थळाला वाईट वाटलं तर काय करायचं, म्हणाली. रहिमानलाही बायकांची ही शंका पटली नव्हती. तरी रोल धुऊन आल्यावर त्यानं तो फोटो खिशात घातला आणि कंपनीत सोनबाला दाखवला. सोनबा त्याच्या शेजारच्या मशीनवरचा, आणि पाहुण्यांच्या गावचाच.

सोनबानं फोटो बराच वेळ पाहिला. "राव, ह्यो युनूस न्हाई. ह्यो त्याचा धाकटा भाऊ. युनूस पंचेचाळिशीचा हाय. पहिली बायको त्याच्या माराला भिऊन माहेरी गेलीय."

रहिमान सुट्टी टाकून त्या गावी गेला. त्या लोकांनी नाकारलं नाही, की माफीही मागितली नाही. नजमुनचा फोटो परत मागितला तर म्हणाले, हरवला. उलट चार घरांत बोलून ठेवलं की पिंपळे गुरवातल्या त्या घरच्या बायका परक्या पुरुषांचे फोटो काढून ठेवतात. ज्या फोटोवाल्याला रहिमाबी भीत होती, रोल धुवायला त्याच्याकडेच गेले होते आणि सगळ्या कॉप्या मोजून बरोबर मिळाल्या होत्या. मुलीचा चेहरा राहिला तो सोयरीक जुळवायला आलेल्यांच्या घरात.

दोन वर्षं एकही स्थळ आलं नाही. रहिमाननं मला ट्रंकेत टाकलं. सेल आतच राहिले, आणि त्यांचं पाणी सुटून माझ्या पत्र्याला हिरवट गंज चढला. नजमुन शिवणकाम करू लागली. गल्लीतल्या बायका कपडे टाकायला यायच्या आणि बाहेर पडल्या की कुजबुजायच्या.

पण गेल्या आठवड्यात त्यातलीच एक, गवराबाई, भरदुपारी आली. ब्लाऊजचं कापड पुढं केलं, आणि दार लोटून घेत हळूच विचारलं, "तुमचा त्यो क्यामेरा हाय का गं अजून? रविवारी आमच्या शकूला बघाया येणार हायेत. पोरगा परमनंट हाय म्हनत्यात."

नजमुननं मला बाहेर काढलं, गंज खरवडला, नवे सेल घातले. माझा फ्लॅश कुरकुरत का होईना, पेटला. गवराबाईचा चेहरा उजळला. मला मात्र बरं वाटेना, कारण ती माझ्याकडे फार भरवशानं बघत होती. बायांनो, माझं एवढं मनावर घेऊ नका. समोर कोण बसला होता तेवढंच मला दाखवता येतं. तो मारतो की सांभाळतो, ते माझ्या भिंगाला दिसत नाही. त्या दिवशी सोनबा भेटला नसता तर मी एका अनोळखी मुलाचा छान फोटो काढून मोकळा झालो असतो.

हे मला बोलता येत नाही. पण नजमुन बोलली.

"रविवारी येईन मी, मावशी. पण त्याआधी तुम्ही त्यांच्या गावाला जाऊन या. घरी नाही, शेजारी विचारा. पाणवठ्यावर बायकांना विचारा."

गवराबाई कापड तिथंच ठेवून उठली आणि म्हणाली, "सकाळची पयली यष्टी किती वाजता असती गं?"