विमानातला पलंग

करुणा दुबईत डॉक्टर झाली आणि तिनं साखरा या खेड्याहून आपल्या आईला, चांगुणाबाईंना, भेटायला बोलावलं. तिकीट साधंसुधं नव्हतं. विमानात स्वतंत्र खोली, खोलीला दार आणि आत चक्क पलंग!

विमान वर गेल्यावर नीलम नावाची हवाई सुंदरी अंथरूण घालायला आली. वाकताना तिनं हळूच कंबर धरली. ते बघून चांगुणाबाईंनी हिंगोलीच्या बाजारातली हिंदी काढली, "बेटी, कंबर दुखून राहिली क्या? तू बैठ. चादर मैं टाकती."

"नहीं मॅडम, ड्यूटी है."

"ड्यूटी कुठं पळून चालली? बैठ बराबर!"

नीलम जराशी टेकली. चांगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पोरगी घोरायलाच लागली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या साहेबांनी घंटी वाजवली. पोरीची झोपमोड नको म्हणून चांगुणाबाई लुगडं सावरत स्वतःच गेल्या. साहेबांना भूक लागली होती. बाईंनी पिशवीतली भाकरी आणि ठेचा नेऊन दिला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, तरी त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली. मग पलीकडच्या खोलीतूनही घंटी वाजली.

विमान उतरायच्या आधी चांगुणाबाईंनीच नीलमला हलवून उठवलं.

विमानतळावर करुणानं विचारलं, "आई, पलंग कसा होता?"

"मला काय ठाव? त्याच्यावर पोरगी झोपली होती. पण माय, भाकरी कमी पडल्या बघ!"