अकरा ते सहाच्या मधलं गाव

धरणात गेलेल्या गावात कुणाचं घर कुठं होतं, हे सांगू शकणारे आता धोंडिबा घारे एकटेच उरले होते. वय सत्त्याऐंशी. अलीकडं विसरायचे, पण त्या गुरुवारी त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. म्हणून सून अनितानं त्यांना कान्ह्याहून रिक्षानं कामशेतला, मानसीच्या टायपिंग सेंटरवर आणलं.

अकराला ते सांगायला बसले. पहिली तीन घरं अनितानं वहीत उतरवली.

"काकू, कशाला हात दुखवताय?" मानसी म्हणाली. "मी कॉम्प्युटरवर नकाशा काढतेच आहे. इथं रोज रात्री नऊला आपोआप बॅकअप होतो. काही जात नाही."

अनितानं वही मिटली.

"गाव बुडालं. ह्यो डबा न्हाई ना बुडायचा?" धोंडिबांनी विचारलं.

"नाही आबा."

चारपर्यंत बेचाळीस घरं आणि दोन विहिरी झाल्या. प्रिंट उद्या द्यायची ठरली.

सहाला दुकान बंद करताना मानसीनं रोजचं काम केलं. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, सातबारे पडून राहू नयेत म्हणून ती डेस्कटॉपवरचं सगळं निवडून कायमचं पुसायची. रिसायकल बिनमध्येही काही उरत नसे. या सवयीचा तिला अभिमान होता. नकाशाची फाईल डेस्कटॉपवरच होती.

शुक्रवारी सकाळी चूक लक्षात आली, तरी ती घाबरली नाही. तिनं बॅकअप उघडला. गुरुवारची तारीख होती, हिरवी खूण होती. गाव नव्हतं.

लोणावळ्याच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रज्ञेशनं मशीन तपासलं. "अकराला बनवली, सहाला पुसलीस. बॅकअप आला नऊला. त्यानं ती फाईल पाहिलीच नाही. आणि या डिस्कवर पुसलेलं परत येत नाही."

"मशीन बिघडलं असं सांगू?"

"सांग. बिघडलेलं नाहीये, एवढंच."

कान्ह्याला पोचेपर्यंत मानसीनं 'मशीन बिघडलं' हे वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. अनिता दारातच होती.

"आणली का प्रिंट?"

"मी पुसलं, काकू. माझ्याच हातानं. वहीसुद्धा मीच मिटायला लावली."

अनिता मागं वळली. आतून वही आणून तिनं मानसीच्या हातात दिली आणि सासऱ्यांना मोठ्यानं म्हणाली, "आबा, घरं परत सांगा. हिच्याकडनं हरवली."

"काल तर समदं सांगितलं." धोंडिबांनी मानसीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "असूंदे. लिव्ह. पयलं सखारामाचं. मग नथूचं. मग विठाबाईचं."

ही तीन वहीत होतीच.

"त्याच्या म्होरं..." ते थांबले. "तितं कोन ऱ्हायचं गं?"

अनितानं मानसीकडं पाहिलं. काल चौथा चौकोन निळा केला होता, दार पूर्वेला ठेवलं होतं, हे मानसीला स्वच्छ आठवत होतं. त्यात नावही तिनंच टाईप केलं होतं. ते काही केल्या आठवेना.

तिनं वहीत चौथा चौकोन काढला आणि मोकळा ठेवला.