दीडशेची मशीन, साठाचा डब्बा

नागनाथ माझा नवरा. ठाणाकुशनूर ते बीदर जीप चालवायचा अन् घरी आला की मला मारायचा. मारायच्या आधी दारातल्या जीपमधला टेप लावायचा. शिटाखालचा स्पीकरचा डब्बा असा दणकायचा की घराचे पत्रे थरथरायचे. मग आत येऊन जुना फॅनबेल्ट उचलायचा.

शेजारची भागाअक्का भिंतीपलीकडून ओरडायची, "नागनाथ, तेच गाणं पुन्यांदा लाव की रे!" हा मुडदा लावायचा. गाणं पुन्हा, मार पुन्हा. गल्ली म्हनायची, सोजराचा नवरा मोठा शौकीन हाय. शौक जळो त्याचा!

पंचापुढं गेले. हणमंतराव पंच म्हनला, "कुणी ऐकलं का?" कुणीच न्हाई. कान गाण्यानं भरलेले, ऐकतील कसं? भावानं सांगून टाकलं, पंचानं मोकळी केल्याबिगर माहेरी यायचं न्हाई. मग म्या काय इथंच मरावं का?

त्याच साली नागनाथनं हैदराबादहून आवाज वाढवायची मोठी मशीन आणली. मैलूरच्या चनमल्लप्पा मिस्त्रीनं ती जीपमध्ये बसवली. म्या मागच्या शिटावर होते, दवाखान्यातून मोडकी बरगडी बांधून आलेली. डॉक्टरला म्हनले होते, हिरीवर घसरले.

मिस्त्री म्हनला, "नागनाथण्णा, मशीन दीडशे वॅटची, तुझा डब्बा साठाचा. जोडी जमत न्हाई बघ. बटन अर्ध्याच्या वर नेलास तर आतलं कॉईल जळंल, डब्बा मुका व्हईल."

"मला अर्धंच लई झालं," नागनाथ हसला. म्या बटन कुठलं ते नीट बघून ठेवलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी भाकर करपली. तेवढं निमित्त पुरलं. टेप सुरू झाला अन् बेल्ट पाठीवर बसला. दुसरा कानावर. रक्त गळ्यापतूर आलं. म्या ओरडायलेय, पण माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. केस धरून त्यानं मला चुलीकडं ओढलं, तसं म्या त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याचा हात सुटला, म्या पळाले. जीपमध्ये अर्धी घुसून बटन शेवटापतूर फिरवलं.

डब्बा बैलावानी हंबरला, फाटला, जळका वास सुटला. गाणं बंद पडलं.

नागनाथ मागून यायलाच होता, त्याचा आवाज अजून गाण्याच्या वर चढलेला. "रांडं! परवा बरगडी मोडली, आज मानच मोडतो!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग बेल्ट बसला, तोही ऐकला. अन् माझी किंकाळी.

भागाअक्का मुसळ घेऊनच आली. दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज म्या ऐकला, खोटं कामून बोलू, बरं वाटलं. नागनाथ बोंबलत खाली बसला. हणमंतराव धोतर सावरत पळत आला.

"ऐकलं का न्हाई, अण्णा?" म्या विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "ऐकलं, पोरी. जा तू माहेराला."

भागाअक्कानं मुसळ टाकलं, माझ्याजवळ मातीत बसली अन् फडाफडा आपल्याच थोबाडीत मारून घ्यायला लागली.

"पोरी, म्याच त्याला पुन्यांदा लाव म्हनत होते गं. म्याच पुन्यांदा लाव म्हनत होते."