नेलचे उखळ

मी एक जुना कातळ आहे. नदीच्या डाव्या काठावर, काळ्या ओकच्या झाडांखाली, झोपलेल्या अस्वलासारखा पसरलेला. माझ्या पाठीवर काही वाटीएवढे, काही तांब्याएवढे खळगे आहेत. मित्रांनो, ते पावसाने पडलेले नाहीत. ती उखळे आहेत, आणि ती बायकांनी पाडली आहेत. हातांनी, आणि फार सावकाश.

मला घडवले बर्फाने. तो डोंगरावरून उतरला, माझी पाठ घासून गुळगुळीत केली आणि न बोलता वितळून गेला. त्याच्यामागून नदी आली, नदीमागून बायका. पानगळीच्या दिवसांत ओकची फळे पडली, की त्या टोपल्या भरभरून आणायच्या, सोलून वाळवायच्या आणि माझ्यावर बसून दगडी बत्त्याने कुटायच्या. ते पीठ विषासारखे कडू असते. ते वाळूत पसरून त्यावर नदीचे पाणी ओतत राहायचे, कडूपणा वाहून जाईपर्यंत. मग त्याची पेज. कुटता कुटता कोणाची सून कशी आणि कोणाचा नवरा किती घोरतो, सगळे निघायचे. लांबून नवऱ्यांना वाटायचे, बायका गाणी म्हणतात.

उखळ एकेका बाईचे असते. ती गेली, की तिचा बत्ता तिच्या उखळात आडवा ठेवतात. मग तिच्या घरातल्या कोणीतरी नवी फळे आणून त्यात पुन्हा कुटायचे. त्याने तिची वाट मोकळी होते. तोवर ती कुठेही जात नाही. धुके उतरले, की येऊन कुटत बसते. बत्ता आडवाच असतो. आवाज मात्र येतो. धप्प. धप्प.

एका हिवाळ्यात या बायकांच्या लोकांची घरे काठावरून उठवली. इथे राष्ट्रीय उद्यान झाले होते, आणि उद्यानात माणसे राहत नाहीत. ती बघायला येतात. पुष्कळ बत्ते आडवेच राहिले. धुक्यात माझ्यावर किती जणी कुटतात, ते मी सांगणार नाही. तुमच्यात लहान मुले असतील.

मग तंबूवाले आले. माझे कौतुक झाले, फोटो निघाले. कौतुक करणाऱ्यांनीच माझ्या उखळांत तेलकट भांडी घासली, कुत्र्यांना पाणी पाजले, नवस बोलून नाणी टाकली. आर्विला वर्षातून एकदा येई, नाणी काढून खिशात घाली आणि म्हणे, "चला, पेट्रोलचं भागलं." आर्विला आणि नेल या दोघी बहिणी. काठावरून उठवलेल्या घरांतल्याच. कुटायला येणाऱ्या शेवटच्या दोघी. एका वसंतात नेल गेली. आर्विलाने तिचा बत्ता तिच्या उखळात आडवा ठेवला, आणि पानगळीत नेलच्या मुलीला, कोरलला, घेऊन येते असे सांगून गेली. मला नाही, नेलला.

याच सुमारास सरकारने नदीला संरक्षण दिले. संरक्षण दिले, की आराखडा करावा लागतो. काठावर तंबू किती, पाण्यात होड्या किती, वाट कुठून, शौचालय कुठे. ते काम उद्यानाच्या अधिकारी प्रुइटबाईंकडे आले. बाई चांगल्या होत्या. माझ्यावर बसून डबा खायच्या आणि उठताना कण पुसून घ्यायच्या. एवढेही आधी कोणी केले नव्हते.

माझ्या शेजारच्या कुरणावर सभा भरली. एक होडीवाला तावातावाने म्हणाला, "आमचे आजोबा इथं तंबू ठोकायचे!"

"आमच्या आजोबांना तंबू लागलाच नाही," आर्विला बसल्या जागेवरून म्हणाली. "घरच होतं."

हशा झाला. होडीवालाही हसला, जरा उशिराने.

"आर्विला, तुम्हाला काय हवंय ते सांगा," प्रुइटबाई म्हणाल्या.

आर्विलाने पिशवीतून नेलचा बत्ता काढून टेबलावर ठेवला. टेबल हलले. "हा काल एका पोराच्या हातात सापडला. तंबूच्या खुंट्या ठोकत होता. बहीण आहे माझी ती. मला इथं कठडा हवाय. दार हवं, दाराला कुलूप हवं. मोठ्ठं."

प्रुइटबाईंनी लिहून घेतले.

आराखडा चांगला होता, मी खोटे बोलणार नाही. तंबू काठापासून दूर गेले, तुडवलेल्या काठावर वाळुंजाची झाडे लावली, पुढच्या वर्षी तिथे मासे सावलीला आले. आर्विलाने नेलचा बत्ता पुन्हा जागेवर ठेवला, आणि माझ्याभोवती कठडा, दार आणि मोठ्ठे कुलूप आले. पाटी लागली: आत जाण्यास मनाई.

त्याच वर्षी पानगळीत आर्विला कोरलला घेऊन आली. पाठीवर फळांची पिशवी. दारापाशी तिचा भाचा ड्वेन उभा होता, उद्यानाच्या गणवेशात.

"उघड," आर्विला म्हणाली.

"आत्या, नाही उघडता येत. आत जायचं तर संशोधनाचा परवाना लागतो."

"मग लिही, बहिणीचं संशोधन करायचंय."

"आत्या, अगं..."

"तुझे लंगोट धुतलेत मी, आणि तू मला परवाना मागतोस?"

"कठडा तूच मागितलास ना!"

आर्विलाने पिशवी खाली उतरवली. ड्वेनचे खरे होते. पण पाहुण्यांना बंदी घाला म्हणताना, आपणही पाहुण्यांत मोजले जाऊ, हे घरच्या माणसाच्या मनात येते का कधी?

ड्वेनने इकडेतिकडे पाहिले. किल्ली काढून बाहेरच्या दगडावर ठेवली. "मी पाण्याची पातळी बघून येतो. किल्ली विसरली तर विसरली."

तो गेला. कोरल वाकली. आर्विलाने तिचे मनगट धरले.

"ठेव ती."

"मावशी, आई अडकलीय ना?"

"अडकलीय. म्हणून काय चोरून सोडवायची? जिवंतपणी तिला या काठावरून चोरासारखी हाकलली. आता जाताना तरी दारातून जाऊ दे."

दोघी कठड्याबाहेर बसून राहिल्या. धुके आले. आत नेल कुटू लागली. कोरलला ऐकू आले की नाही, ठाऊक नाही. पण तिने शाल कानांवर ओढली. आर्विलाने कठड्यातून हात आत घातला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

"थांब गं नेल," ती म्हणाली. "जरा कागद हलू दे."

त्यानंतर ती प्रत्येक सभेला जाऊ लागली. जाताना प्रुइटबाईंसाठी पेज न्यायची. बाईंनी पहिला घास घेतला आणि हळूच विचारले, "यात मीठ घालतात का?"

"नाही. धीर घालतात."

बाईंनी वाटी संपवली. आराखड्यात बदल लिहिला, वर पाठवला. वर म्हणजे पुष्कळ वर असते. तिथून खाली यायला बर्फालाही वेळ लागला होता. त्या हिवाळ्यात आर्विला गेली. तिचा बत्ता तिच्या उखळात आडवा ठेवायला ड्वेनने कुलूप उघडले. त्या दिवशी परवाना कोणी मागितला नाही. नेलच्या शेजारीच आर्विलाचे उखळ. आता धुक्यात दोघी कुटत होत्या, आणि भांडतही असाव्यात, कारण ताल जमत नव्हता.

सही वसंतात आली: या लोकांच्या बायकांना कुटण्यासाठी आत जाता येईल, किल्ली त्यांच्याकडे राहील. प्रुइटबाई स्वतः किल्ली घेऊन कोरलकडे गेल्या. ड्वेन सांगत होता, त्या दारातच उभ्या राहिल्या आणि किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली.

पानगळीत कोरल आली. एकटी. कुलूप उघडून दारातून आत आली. नेलच्या उखळातली पाने काढली, फळे घातली, बत्ता उचलला. पहिल्या घावाला फळे उडाली. दुसऱ्याला तिचे बोट चेचले. तिसऱ्याला ती रडायला लागली.

तेव्हा शेजारून आवाज आला. धप्प. सावकाश. जरा थांबून, धप्प. कोरलचा हात वरच्या वर थांबला. मग त्या आवाजाच्या मागे मागे तो खाली आला. पुन्हा. पुन्हा. पीठ पडू लागले, पांढरे, मऊ.

वारा नव्हता. तरी कठड्याचे दार उघडले, आणि कोणी माघारी वळून ओढून घ्यावे तसे, हळूच मिटले.

कोरल बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने आर्विलाच्या उखळातला बत्ता उचलला, छातीशी धरला आणि होता तसा पुन्हा आडवा ठेवला.

"मावशी, तू थांब," ती म्हणाली. "मला अजून नीट येत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूला कुलूप जरूर लावा. फक्त आधी विचारा, की तिच्यावर कोणाचे हात फिरत होते, आणि किल्ली त्यांना द्या. हात फिरले नाहीत, तर मी नुसता दगड आहे. इकडे आलात, तर कठड्याबाहेर बसा. नाणी टाकू नका. ती काढायला येणारी आता नाही. आणि धुक्यात, आत कोणीच नसताना, कुटण्याचा आवाज आला, तर घाबरू नका, पण बोलूही नका.

आर्विला शिकवते आहे.