मागच्या गेटाची वही

सकाळी आठला दहा कमी असताना कारखान्याचा टेम्पो फाट्यावर थांबायचा, बायका उतरायच्या, आणि तिथंच कुणी काही न सांगता त्यांच्या दोन रांगा व्हायच्या. मोठी रांग हसत-बोलत पुढच्या गेटाकडे जायची. आठ-दहा जणी मात्र पदर घट्ट ओढून, कुंपणाच्या कडेकडेनं, सडक्या लिंबांच्या ढिगावरून मागच्या गेटाकडे वळायच्या. आज या वळल्या, उद्या त्या. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. न विचारता सगळ्या गावाला कळतं, अशी आपल्याकडे ही एकच गोष्ट असावी.

कापूरहोळहून भोरकडे येताना भाताची खाचरं लागतात, त्यांच्या कडेचा हा लोणच्याचा कारखाना. मालकांच्या वडिलांनी पुढच्या गेटात दत्ताचं छोटं देऊळ बांधलं होतं. हजेरीचं अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा सावली आणि वीज दोन्ही तिथंच होती, म्हणून ते देवळाच्याच भिंतीला लागलं. मालकांना ते फार आवडलं. आधी देवाला हात जोडायचे, मग मशीनला अंगठा, मग काम. पण ज्या बाईची पाळी सुरू आहे तिनं देवासमोरून कसं जायचं? ती मागून यायची. तिथं मशीन नव्हतं. गेनबा वॉचमन वहीत नाव आणि तारीख लिहायचा.

आणि आत येऊन त्या बाया करायच्या काय? मिरच्या कापायच्या, मीठ चोळायच्या, बरण्या भरायच्या. घरी ज्या हातानं लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, त्याच हातानं दिवसाला चारशे बरण्या. त्या लोणच्याला विटाळ होत नव्हता. ते पुण्याला जाणार होतं.

स्नेहल या कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर बसायची. भोरच्या कॉलेजात शिकलेली, दोन वर्षांपूर्वी लागलेली. सत्तर बायकांचे तास काढणं हे तिचं काम. तिनं डेटाबेसला एक क्वेरी लिहून दिली होती. क्वेरी म्हणजे मशीनला विचारलेला प्रश्न: आज हिचा पहिला अंगठा किती वाजता, शेवटचा किती वाजता, मधली जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा कर, उरले ते तास सांग. मशीन डोळे मिटून सांगायचं. फक्त जिचा अंगठाच नाही, तिच्यापुढं ते शून्य मांडायचं.

एक दिवस पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या चंद्राबाई ऑफिसच्या खिडकीशी आल्या. वेल्ह्याकडच्या, आवाज खणखणीत.

"काय गं पोरी, तुझ्या त्या डब्याला आमी दिसतच न्हाई का? चार दिस मिरच्या कापून डोळं सुजलं, आन् वरनं गैरहजर!"

"मावशी, मशीनला अंगठा न्हाई तर ते काय करणार?"

"मग मशीनला सांग की, बाई मागनं आलीया म्हनावं. तेला काय लाज वाटनार हाय?"

स्नेहलच्या मनाला ते लागलं. तिनं मालकांना विचारून पाहिलं, मागच्या गेटाला एक मशीन बसवू या का. मालक म्हणाले, तिकडं वीज नाही. मग पुढचं मशीन देवळापासून जरा लांब हलवू या का. मालकांनी कानाला हात लावला. शेवटी तिनं गेनबाची वही मागून घेतली आणि आठ महिन्यांची सगळी नावं, सगळ्या तारखा बसून संगणकात भरल्या. 'मागचं गेट' असं नवं टेबल, म्हणजे नाव-तारखांचा तक्ता, केलं, ते हजेरीच्या टेबलाला जोडलं. आता मशीनला अंगठा दिसला नाही, की ते वहीत बघायचं आणि आठ तास धरायचं. पहिल्यांदाच सगळ्या जणींचे तास पुरे भरले. बायकांनी तिला कुणी वालाच्या शेंगा दिल्या, कुणी हातसडीचे तांदूळ. चंद्राबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. स्नेहलला वाटलं, शिकल्याचं चीज झालं.

बुधवारी कारखान्याचे मॅनेजर गोरख साहेब तिच्या टेबलाशी आले. माणूस आवाज चढवणारा नव्हता. त्यांनी तिच्यासाठी चहाही सांगितला.

"स्नेहल, तुझं ते नवं टेबल पाहिलं. फार छान काम केलंस. आता त्याला फक्त उलटा प्रश्न विचार."

"म्हणजे, साहेब?"

"गेल्या चाळीस दिवसांत ज्यांचं नाव त्यात एकदाही आलं नाही, त्यांची यादी काढ. शनिवारी दे."

स्नेहलनं कप खाली ठेवला. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याला कुणाला त्रास द्यायचा नाही. कैऱ्यांचा सीझन येतोय. नंतर कुणाला दिवस गेले म्हणून रजा, कुणाचं वय झालं म्हणून हात चालत नाही… त्यापेक्षा माणसं आधीच बदललेली बरी. काय?"

कुणाला दिवस राहिलेत, कुणाची पाळी कायमची थांबली, हे आजवर कारखान्यात कुणी विचारू शकत नव्हतं. आता विचारायची गरजच नव्हती. उत्तर स्नेहलनंच भरून ठेवलं होतं.

साहेब गेल्यावर तिनं तो उलटा प्रश्न विचारला. पडद्यावर अकरा नावं आली. सातवं नाव होतं शेफालीचं.

शेफाली म्हणजे स्नेहलची धाकटी जाऊ. बावीस वर्षांची, पॅकिंगला होती. तिला दुसरा महिना होता. पहिल्या खेपेला राहिलेलं पोट पडलं होतं, म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत सासूलासुद्धा सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. जगात तीनच माणसांना ठाऊक होतं: ती, तिचा नवरा अमृत आणि स्नेहल. आता चौथं हे संगणकातलं टेबल.

यादीतून नाव गाळावं, तर गेनबाची वही होतीच. साहेब ती चाळायला कमी करणार नव्हते. टेबल पुसून टाकावं, तर सत्तर जणींचे तास पुन्हा गळणार. स्नेहलनं पडदा बंद केला. आपणच विणलेल्या जाळ्यात आपलंच माणूस सापडावं, तशी तिची गत झाली.

जेवणाच्या सुट्टीत मिठाच्या पिंपांमागं तिनं शेफालीला सगळं सांगितलं. शेफालीनं घास परत डब्यात ठेवला. शेजारी भाकरी मोडत बसलेल्या चंद्राबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"येवढंच ना? उद्यापास्नं चार दिस मागनं ये. वहीत नाव पडलं की सुटलीस."

"पर मला तर…" शेफाली अडखळली.

"मला तरी कुठं हाय? पाच वरसं झाली बंद होऊन. म्हातारी ठरली की हितं दुसऱ्या दिशी घरी. म्हनून म्हयन्याला चार दिस मागनंच येती. कॅलेंडरात दिस मोजून, एकादशीवानी फुली मारून ठेवती बघ."

स्नेहलला आठवलं. चंद्राबाईंच्या तारखा बरोब्बर अठ्ठावीस दिवसांनी यायच्या, एकही चूक नाही. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

"मावशी, आसं खोटं बोलून द्येवाला फसवायचं?" शेफाली म्हणाली.

"द्येवाला समदं दिसतंय, बाय. गोरख्याला दिसू नये, तेवढं बघ."

गुरुवारी शेफाली मागच्या गेटानं आत गेली. गेनबानं वहीत नाव लिहिलं. पण टेम्पोत गावच्या चार बायका होत्या. संध्याकाळी दोघी जावा घरी पोचायच्या आधीच बातमी पोचलेली. सासूबाई, सगुणाबाई, दारातच उभ्या होत्या.

"शेफाले, थितंच थांब. घोंगडी, तांब्या पडवीत ठिवलंय. घरात पोथी लावलीया, ध्यान हाय न्हवं?"

शेफालीनं स्नेहलकडं पाहिलं. खरं सांगावं तर तिसरा महिना सरायच्या आत बोभाटा. न सांगावं तर पौषातली पडवी. ती मुकाट्यानं पडवीत जाऊन बसली.

सगुणाबाई काही वाईट बाई नव्हत्या. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असो, कीर्तनाला त्या पहिल्या ओळीत. मृदंग घुमायला लागला की त्यांच्या डोळ्यांतून धारा. कुत्र्याला तुकडासुद्धा त्या फेकून नव्हे, बोलावून टाकायच्या. पण सुनेचं ताट त्यांनी उंबऱ्यावरून लांबूनच सरकवलं.

"आत्या, लई गारठा हाय. तिला आत निजू द्या," स्नेहल म्हणाली.

"आगं, आमी काय गादीवर निजलो का? चार दिस. कुनाला चुकल्यात?"

शुक्रवारी सकाळी शेफालीला वांत्या झाल्या. सगुणाबाई लांबूनच म्हणाल्या, "पित्त झालंय. रातीचं कमी खा." त्याच संध्याकाळी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली शेफाली हळूच बोलली, "ताई, आज वटीपोटात वढ लागलीया. द्येवाला चुकवलं म्हनून तर न्हवं?"

स्नेहलच्या मनात आलं, देवाला कुणी चुकवलं होतं? शेफालीनं, का तिच्या अंगातल्या तारखांची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या शहाण्या थोरल्या जावेनं?

शनिवारी सकाळी स्नेहललाच पाळी आली.

टेम्पो फाट्यावर थांबला. सवयीनं तिचे पाय कुंपणाकडं वळले. पुढं शेफाली, चंद्राबाई, आणखी सहा-सात जणी. लिंबांच्या ढिगाचा आंबूस वास. आणि तिथं स्नेहल उभी राहिली. गेल्या सप्ताहात बुवांनी कीर्तनात विचारलं होतं, "माउलीनं नऊ महिने ज्या रक्तात तुम्हाला वाढवलं, ते रक्त विटाळ, तर तुम्ही सोवळे कुठून झालात?" अख्खा मांडव हसला होता, टाळ्या पडल्या होत्या. सगुणाबाईंनी मान डोलवली होती, स्नेहलनंही. आणि मंडळी, घरी येऊन सगळ्यांनी काय केलं? जे रोज करतो तेच. आपल्याला कीर्तन कानानं फार आवडतं.

स्नेहल मागं फिरली.

"आगं ए! तू त्या वाटंनं कुठं?" चंद्राबाईंनी हाक मारली. "टेम्पोत पोट धरून बसलेलीस न्हवं?"

"व्हय मावशी. म्हणूनच."

देवळापुढं तिनं हात जोडले. काही झालं नाही. समईची ज्योतसुद्धा हलली नाही. तिनं अंगठा लावला. मशीनवर वेळ उमटली, सात छप्पन्न.

गोरख साहेब गेटातच उभे होते. "यादी आणलीस?"

"न्हाई साहेब. तो प्रश्न मी मशीनला विचारणार न्हाई. आणि आज मला पाळी आलीय, तरी मी पुढून आलेय. तुमच्या वहीत माझी तारीख आता कधीच पडायची न्हाई."

आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. साहेबांचे कान लाल झाले. बाईमाणसानं हे चारचौघांत बोलावं! तेवढ्यात कुंपणाकडून धापा टाकत शेफाली आली. तिनं देवाला डोकं टेकवलं, अंगठा लावला आणि वळली.

"साहेब, म्या बाजूला न्हाई. चार दिस खोटं लिवून घ्यायला निगालती. मला दिस गेल्यात. दुसरा म्हयना हाय. आता घाला माझं नाव यादीत."

"आजच ती हे लेखी देतेय," स्नेहल म्हणाली. "मी टाईप करते. पोच तुमच्या सहीची लागेल. त्यानंतर तिला काढायचं झालं, तर कायद्यापुढं दाखवायला कारणही लेखी द्या."

साहेब ऑफिसकडं वळले. "मालकांशी बोलतो," म्हणाले. मग जाता जाता, हळू आवाजात, "तुझ्याबद्दलही बोलतो."

त्या दिवशी स्नेहलनं टेबलातल्या सगळ्या तारखा पुसल्या. महिन्याचे एकूण तास तेवढे ठेवले. पण वही गेनबाकडं होतीच. चंद्राबाई मागच्याच गेटानं गेल्या होत्या. जेवताना त्यांनी स्नेहलकडं मान वर करून पाहिलं नाही. मागच्या गेटाच्या वहीत त्या शनिवारीही सात नावं पडली.

शेफालीची बातमी पुन्हा आधी घरी पोचली. अंगणात पाऊल टाकताच सगुणाबाई धावत आल्या आणि त्यांनी शेफालीला पोटाशी धरलं.

"आगं पोरी, बोलायचं तरी! पोटुशी सून म्या गार फरशीवर निजवली! कसलं पाप घडलं गं माझ्या हातनं!" त्यांनी तिला आत नेलं, चुलीपाशी पाट मांडला, स्वतःच्या अंगावरची शाल तिच्या खांद्यांवर घातली. मग उंबऱ्यात येऊन बघतात तर स्नेहल अजून अंगणातच.

"तू का भाईर उभी?"

"मला पाळी आलीय, आत्या. आज पहिला दिवस."

सगुणाबाईंचा हात सवयीनं पडवीतल्या घोंगडीकडं गेला. त्यांनी ती उचलली.

"आत्या," स्नेहल म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. "शेफाली पोटुशी नसती, खरंच बाजूला असती, तर तो गारठा तिला लागला नसता का? मग पाप झालं नसतं का?"

सगुणाबाई घोंगडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आतून चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज निघाला, तो इतका बारीक, की स्नेहलला एक पाऊल पुढं यावं लागलं.

"लागतो गं," त्या म्हणाल्या. "मला बी लई लागायचा."

आणि त्या उंबऱ्यातून बाजूला झाल्या.