नऊ माणसं कमी

“चार हजार बारा माणसं आत जातात आणि चार हजार तीनच बाहेर येतात. मधली नऊ कुठं जातात, तेवढं सांगा,” ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

साहेबांनी उभ्याउभ्याच पाहिलं. “हिरवं दिसतंय की. हिरवं म्हणजे झालं.”

दवाखान्यांच्या या कचेरीत तिला बारा वर्षं झाली होती. एका दवाखान्याची माहिती उचलून रोज पहाटे दुसरीकडं पोचवणारे दोनशे चौदा जॉब, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, ती सांभाळायची. ती नेमकं काय करते, हे घरच्यांनाही कधी कळलं नाही. जॉब बंद पडला की मात्र सगळ्या गावाला कळायचं. आता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि जुनी आज पाचला बंद होणार होती. सॉफ्टवेअरच्या कंपनीनं जुने जॉब नव्या आवृत्तीत आपोआप हलवणारं साधन दिलं होतं. ते साधन जॉब हलवायचं आणि झालेला घोळ निस्तरायला तिच्यावर सोडायचं. तीन आठवडे हेच चाललं होतं.

हा शेवटचा जॉब अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा होता. त्यांची यादी औषधांच्या गाडीला देणारा.

“नऊ म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही,” साहेब म्हणाले.

“टक्के नाहीत हो, माणसं आहेत. उद्या गाडी त्यांच्या दारावरून तशीच पुढं जाईल.”

“पाचला वर कळवायचंय मला. ते नऊ नंतर बघू.”

या कचेरीतलं ‘नंतर’ तिला चांगलं माहीत होतं. चरफडत तिनं मास्तरांना फोन लावला. हे जॉब मुळात त्यांनी बांधले होते, तिला काम त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

“औषधांच्या यादीतून नऊजण गळताहेत, मास्तर.”

“जन्मतारीख बघ त्यांची.”

नऊच्या नऊ रकाने रिकामे होते.

“तारीख नसली तरी माणसाला जाऊ द्यायचं, अशी पायरी घातली होती मी. टीपही लिहिली होती तिथं.”

कंपनीच्या त्या साधनानं ती पायरी जुनाट म्हणून गुपचूप गाळली होती, टीप पुसली होती आणि वर हिरवा रंग फासला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अजून चालतंय का गं माझं ते?” मास्तरांनी विचारलं.

“आज पाचपर्यंत आहे.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवायचं विसरले. त्यांच्या खोलीतला पंखा तिला बराच वेळ ऐकू येत राहिला.

तिनं जुनी आवृत्ती उघडून टीप कागदावर उतरवून घेतली आणि पायरी नव्यानं बांधायला बसली. पाचला साहेबांचा मेल सगळ्यांना गेला: दोनशे तेरा पूर्ण, एक रखडला. रखडलेल्यापुढं तिचं नाव होतं. तिला वाईट वाटलं, पण हात थांबले नाहीत.

साडेपाचला चार हजार बारा आत गेले आणि चार हजार बारा बाहेर आले.

मग तिनं कागद समोर धरून टीप टाइप केली: ‘ज्यांना आपला जन्म कधीचा ते ठाऊक नाही, त्यांनाही औषध लागतं.’ खाली ‘जॉब कोणी बांधला’ या रकान्यात त्या साधनानं परस्पर तिचं नाव टाकलं होतं. ते खोडून तिनं मास्तरांचं नाव लिहिलं, आडनावासकट.